शेजारच्या पानावर कोण?

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं आणि ते संपल्यावर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात असा काही गदारोळ उठला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानडे आणि टिळक दोघांच्याही मागे प्रायश्चित्ताचं लचांड लागलं. खरं भांडण चहाचं नव्हतंच. तो कुणी केला आणि कुणाच्या शेजारी बसून घेतला, याचं होतं.

महाराष्ट्रातल्या हॉटेलांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. चवीचा विचार बराच नंतरचा. घराबाहेर पडणारा माणूस दशम्या बांधून निघे, नाहीतर शिधा घेऊन. नाशिक जिल्ह्याच्या कळवण तालुक्यातल्या सप्तशृंगी गडावर चैत्रात खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांना आज वाटेत ठिकठिकाणी अन्नदान मिळतं. पूर्वी तीन दगडांची चूल मांडायची आणि आपल्या माणसांत बसून जेवायचं, हाच रिवाज. शहरात खानावळी निघाल्या तरी दारावर ‘ब्राह्मणांची खानावळ’ अशी पाटी असे. आचारी कोण, हे गिऱ्हाइकाला आत शिरण्याआधीच कळायला हवं होतं.

या पाट्यांना सगळ्यात खणखणीत उत्तर कोल्हापुरात मिळालं. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेतले नोकर. सवर्णांच्या हौदातलं पाणी घेतलं म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय कांबळे यांना पैसे देऊन भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढायला लावलं. नाव ‘सत्यसुधारक’. हॉटेल निघालं, पण दलिताच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या बड्या मंडळींच्या हातातही कप देऊ लागले. महाराज घेताहेत म्हटल्यावर नाही म्हणायची सोय उरली नाही!

पुढे १९५० साली राज्यघटना लागू झाली तेव्हा पंधराव्या कलमात दुकानांबरोबर उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आला. चहाची टपरी असो की पंचतारांकित हॉटेल, धर्म-जातीवरून दार बंद करता येणार नाही. इतकी मोठी तरतूद हॉटेलच्या दारापर्यंत का न्यावी लागली, हे कांबळ्यांच्या गोष्टीवरून ध्यानात येतं.

मुंबईत श्रीमंती जेवणाची वाट वेगळीच होती. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल १८७१ मध्ये सुरू झालं, जमशेटजी टाटांचं ताजमहाल १६ डिसेंबर १९०३ ला. अशा ठिकाणी थाटाचं जेवण म्हणजे काटे-चमचे आणि युरोपीय पदार्थ. मराठी जेवणाच्या वाट्याला खानावळ आली. दादरला मामा काणे १९१० पासून, पुण्यात नानासाहेब सरपोतदारांचं पूना गेस्ट हाऊस १९३५ पासून. इथे लोक आवडीने जात. पण मुंबईच्या गिरणगावातलं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे बायकामुलं गावी ठेवून आलेला कामगार. त्याला महिनेवारीने पोटभर जेवण हवं होतं, आणि ते तिथल्या बायका आपल्या खोलीत रांधून देत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली याच बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. मराठी जेवण म्हणजे स्वस्त जेवण हा शिक्का इथेच बसला असावा.

महागड्या ‘इंडियन’ मेनूची जागा मग दिल्लीने घेतली. फाळणीनंतर दर्यागंजात मोती महल उभं राहिलं, त्यांची तंदुरी आणि बटर चिकन देशभर पसरलं. कळवणसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेला थाट आजही त्याच वळणाचा आहे: ‘फॅमिली’साठी वेगळा कक्ष, प्लायवूडचे आडोसे, पनीर बटर मसाला, काजू करी, बटर रोटी, शेवटी कोमट पाण्याच्या वाटीत लिंबाची फोड आणि बिलाबरोबर बडीशेप. आडोसे आता जातीसाठी नाहीत, पलीकडच्या परमिट रूमपासून बायकापोरांना लांब ठेवण्यासाठी आहेत. मात्र शेजारी कोण बसलंय याची काळजी पुरती गेलेली नाही. खानदेशी शेवभाजीने या कार्डावर धिटाईने जागा मिळवली. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी मात्र सहसा दिसत नाही. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांवर ती रोजची. पैसे मोजून पाहुण्याला काय भाकरीच खाऊ घालायची, असा हिशेब.

मुंबईत हा हिशेब उलटा झाला. माहीमच्या ‘दिवा महाराष्ट्राचा’ने मराठी पदार्थ ऐटीत वाढले. २०१५ मध्ये ‘द बॉम्बे कँटीन’ निघालं ते लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात. १९८२ च्या संपाने ज्या गिरण्यांचं कंबरडं मोडलं, त्यांच्या आवारांत आता आठवडाभर आधी टेबल राखून ठेवणारे लोक येतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचं वर्ष ठरवल्यावर तर बड्या हॉटेलांच्या आचाऱ्यांनाही नाचणी-वरई नव्याने सापडली. तिथे एका ताटाला जे मोजावं लागतं, त्यात गिरणगावातल्या खानावळीत महिनोन्‌महिने जेवता आलं असतं. अर्थात तेव्हाचा रुपयाही वेगळा होता.