रंगपटाचे दार

चित्रपट बोलू लागला तेव्हा अमेरिकेतल्या निर्मात्यांपुढे एक अडचण उभी राहिली. पडद्यावरच्या माणसाने गायचे कसे? घरात भाजी चिरणारी बाई एकाएकी गाऊ लागली, तर मागची वाद्ये आली कुठून, असे प्रेक्षक विचारील याची त्यांना धास्ती होती. आपल्याकडे ही धास्ती कुणी घेतली नाही. पारशी थिएटर आणि संगीत नाटक पाहून वाढलेल्या प्रेक्षकाला राजा गातो आणि फकीरही गातो यात काही वावगे वाटत नव्हते. अमेरिकेत मात्र निमित्त हवे होते, आणि ते नाटकाच्या थिएटरातच सापडले. नायक-नायिकेला नाटक कंपनीत टाकायचे. म्हणजे तालमीत गाणे, प्रयोगात गाणे आणि मधल्या वेळात रंगपटातली रडारड.

सुरुवात ‘द जॅझ सिंगर’पासून धरता येते. वॉर्नर ब्रदर्सचा हा चित्रपट ६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला. तो पूर्ण बोलपट नव्हता. काही भागांतच गाणे आणि थोडे बोलणे होते. सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणाऱ्या कर्मठ यहुदी बापाचा मुलगा नाटकातल्या गाण्यांकडे वळतो, एवढीच गोष्ट. असा बाप आणि असा मुलगा आपल्यापैकी अनेकांनी आपल्याच मोहल्ल्यात पाहिला असेल. रंगपटातल्या प्रसंगात हा मुलगा, म्हणजे अल जोल्सन, आरशासमोर बसून तोंडाला काळे फासतो. गोऱ्या नटाने हबशी बनून गाण्याचा रिवाज तिकडे जुना होता. परक्या धर्माच्या या मुलाला अमेरिकन होण्यासाठी तिसऱ्याच माणसाचा चेहरा उसना घ्यावा लागतो. त्या तिसऱ्या माणसाला या कथेत जागा नाही.

फेब्रुवारी १९२९ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयरचा ‘द ब्रॉडवे मेलडी’ आला आणि हा साचा पक्का झाला. नशीब काढायला न्यूयॉर्कला आलेल्या दोन बहिणी आणि दोघींच्या मध्ये एक गायक. ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला हा पहिला बोलपट. आज तो पाहताना नाच बेंगरूळ वाटतात, पण रंगपटात एकटी बसून तोंडाचा रंग पुसताना हसू आणि रडू एक करणारी बेसी लव्ह अजून मनात राहते. या चित्रपटातले एक नृत्य पुन्हा चित्रित करायचे ठरले, तेव्हा वाद्यवृंदाला परत बोलावण्याऐवजी आधी ध्वनिमुद्रित केलेले संगीतच सेटवर वाजवले गेले, असे सांगतात. पुढे आपल्याकडे ज्याला प्लेबॅक म्हणू लागले त्याच्या उगमांपैकी हा एक.

त्याच वर्षी वॉर्नरने ‘ऑन विथ द शो!’ काढला. संपूर्ण रंगीत असलेला हा पहिला पूर्ण बोलपट. (त्याची रंगीत प्रत काळाने गिळली. एखादा तुकडा सोडला तर आज तो कृष्णधवलच पाहावा लागतो.) कंपनी कर्जात बुडालेली, तिकिटांच्या पैशांवर दरोडा, पगार मिळाल्याशिवाय मंचावर पाऊल न ठेवणारी मुख्य नटी आणि ऐनवेळी तिच्या जागी उभी राहणारी थिएटरातली एक साधी नोकर मुलगी. विंगेतले भांडण कधी संपतच नाही. आणि मध्येच पडद्यासमोर येते ईथेल वॉटर्स. त्या काळी तिच्या ध्वनिमुद्रिका अमेरिकाभर वाजत होत्या. ती गाते, टाळ्या घेते, निघून जाते. विंगेतल्या भांडणात ती नाही, तिचा पगार थकला की नाही हे कुणी विचारत नाही, तिच्यासमोर आरसाही ठेवलेला नाही. तिची दोन्ही गाणी कापून टाकली तरी गोष्टीला टाका घालावा लागणार नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण इथे आठवते. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला उस्ताद अहमदजान थिरकवाँ असत. तेही नाटकाच्या गोष्टीबाहेरच. पण ही तुलना पुरती जुळत नाही. साजिंदा कोणत्याही जातीधर्माचा असो, तो गोष्टीबाहेरच बसतो. वॉटर्स तर मंचाच्या मधोमध उभी होती.

याच लाटेतला ‘शो बोट’ हा नदीवरच्या तरंगत्या नाटक कंपनीचा अर्धबोलपट मुंबईत एक्सेलसियरला लागला. तो पाहून अर्देशीर इराणींना हिंदुस्थानी बोलपटाची कल्पना सुचली, आणि १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला. त्यात फकीर झालेले वझीर मोहम्मद खान गायले, तेही कोणत्याही निमित्ताशिवाय. इराणींनी तिकडचे यंत्र घेतले, निमित्त तिकडेच ठेवले.

अमेरिकेत मात्र १९३० पर्यंत प्रेक्षकाला या चित्रपटांचा वीट आला. ‘हा संगीतपट नाही’ अशी जाहिरात करण्याची पाळी थिएटरवाल्यांवर आली. पुन्हा जीव आला तो १९३३ मध्ये, मंदीने. दर चार कामगारांत एक बेकार असताना वॉर्नरने ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ आणला. त्यातला दिग्दर्शक शेअर बाजारात धुऊन निघालेला आणि आजारी आहे. घामाने चिंब झालेल्या मुलींकडून तो रात्र-रात्र तालीम करून घेतो. पाठोपाठ ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’. नाण्यांचे पोशाख घालून मुली श्रीमंतीचे गाणे गात असतानाच जप्तीवाले थिएटरात घुसतात आणि अंगावरची नाणीसुद्धा उतरवून नेतात. तिघी मैत्रिणी एका खोलीत राहतात आणि शेजाऱ्याचे दूध चिमट्याने लांबवतात. १९२९ मधली रंगपटातली रडारड प्रेमाची होती. आता ती भाकरीची झाली.

या चित्रपटाचा शेवट बस्बी बर्कलीने रचलेल्या एका मोठ्या गाण्याने होतो. महायुद्धातून परतलेले आणि आता फुकट अन्नाच्या रांगेत उभे असलेले सैनिक त्यात आहेत. जुलै १९३२ मध्ये भत्ता मागायला वॉशिंग्टनला जमलेल्या अशाच माजी सैनिकांना लष्कराने हुसकून लावले होते. प्रेक्षकाला ते ताजे होते. जोन ब्लाँडेल गाण्याचे शब्द नुसते बोलते. मग कॅमेरा वर सरकतो. एका खिडकीत एक काळी स्त्री बसली आहे आणि तेच शब्द ती सुरात गाते. ती एटा मोटेन. खिडकीमागे तिचे घर असेल, घरातला पुरुष युद्धावरून परतला असेल किंवा नसेल. चित्रपट आत जात नाही. तरी ईथेल वॉटर्सच्या मागे नुसता रंगवलेला पडदा होता, हिला निदान खिडकी मिळाली.

श्रेयनामावलीत तिचे नाव नाही. पुढच्या वर्षी, १९३४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या वाढदिवशी तिला व्हाईट हाऊसमध्ये गाण्यासाठी बोलावले गेले. तिथे तिने गायलेल्या गाण्यांत हेही गाणे होते.