राजकोटचा पुतळा आणि कोणी न विचारलेले प्रश्न

बँक्सी या नाव लपवून काम करणाऱ्या चित्रकाराचा ‘एग्झिट थ्रू द गिफ्ट शॉप’ हा माहितीपट २०१० साली आला. लॉस एंजेलिसमध्ये राहणारा थिएरी गेटा हा फ्रेंच माणूस रस्त्यावर चित्रे काढणाऱ्यांच्या मागे कॅमेरा घेऊन वर्षानुवर्षे हिंडतो आणि एके दिवशी ‘मिस्टर ब्रेनवॉश’ नावाने स्वतःच कलाकार बनतो. २००८मध्ये त्याच्या पहिल्याच प्रदर्शनाला रांगा लागतात, चित्रे चढ्या भावाने विकली जातात. प्रेक्षक आधी गेटाला हसतो. मग त्याच्या लक्षात येते की या माणसाला कलाकार केले ते त्या रांगेने.

मालवणात राजकोट किल्ल्यावर जे घडले, त्याकडे पाहताना हा माहितीपट उपयोगी पडतो.

४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते तिथे शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे होण्याआधी, तो कोसळला. शिल्पकार जयदीप आपटे आणि बांधकाम सल्लागार चेतन पाटील यांच्यावर गुन्हा दाखल झाला, दोघांना अटक झाली. पंतप्रधानांनी पालघरच्या सभेत माफी मागितली. दोष कोणाचा, किती, हे न्यायालय ठरवील. इतिहासाला पडणारा प्रश्न वेगळा आहे: काम देताना कोणी काय पाहिले?

आपटे तेव्हा विशीतले होते. एवढा मोठा पुतळा त्यांनी आधी केलेला नव्हता, असे वृत्तपत्रांत छापून आले. कला संचालनालयाने सांगितले, आमची मान्यता सहा फुटी मातीच्या नमुन्याला होती. पुतळ्याचे नट-बोल्ट गंजल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने २० ऑगस्टला नौदलाला पाठवले होते. पुतळा पडल्यावर मुख्यमंत्र्यांनी वाऱ्याच्या वेगाकडे बोट दाखवले. पण मालवणात खारे वारे आणि ऑगस्टचा पाऊस कोणाला नवे आहेत? इथला खलाशी होडीला खिळा मारतानाही गंजाचा विचार करतो.

अनुभवी हात कसा ओळखायचा, याचे उदाहरण याच कोकणात आहे. पुण्यातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा १९२८ साली उभा राहिला. तो अलिबागजवळच्या सासवणे गावच्या विनायक पांडुरंग करमरकरांनी घडवला. तेव्हा तेही तरुणच म्हणायचे, चाळिशीच्या आतले. पण पाठीशी जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे शिक्षण होते, कोलकात्यातले काम होते, लंडनचा अनुभव होता. तो पुतळा आजही उभा आहे. तेव्हा तरुण माणसाला मोठे काम देण्यात चूक नाही. त्याचे आधीचे काम न पाहता, तारीख आधी ठरवून देण्यात धोका आहे.

राजकोटावरून समोर सिंधुदुर्ग दिसतो. कुरटे बेटावर १६६४मध्ये त्याचे काम सुरू झाले. पायात शिसे ओतले, तटाला तीन-साडेतीन शतके लाटा लागत आहेत. आत राजाराम महाराजांच्या काळात उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. तिथली मूर्ती उंचीने लहान, बैठी, दाढी नसलेली. ती किती फुटांची, असे कोणी विचारत नाही; लोक नमस्कार करतात आणि पुढे होतात.

राजकोटावर आता राम सुतार यांच्या कार्यशाळेने घडवलेला अधिक उंच पुतळा उभा आहे. त्यासाठी हात अनुभवी निवडला गेला, हे चांगलेच. पण पहिल्या पुतळ्याचे काम कोणी, कशाच्या आधारावर दिले, मान्यतेतले सहा फूट पस्तीस कसे झाले, याचा कागदोपत्री इतिहास तारखांसह लोकांसमोर यायला हवा. तो आला नाही, तर शिल्पकार बदलेल आणि रांग तीच राहील.