जोगतीण प्रथा-प्रतिबंध (कोल्हापूर)

यल्लम्मा (रेणुका) देवीला लहान मुली वाहण्याच्या रूढीविरुद्ध कोल्हापूर परिसरात झालेले कायदे व चळवळी. वाहिलेल्या मुलीस जोगतीण, मुलास जोगता म्हणतात. देवीचे मुख्य ठाणे बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीचा डोंगर असून गडहिंग्लज-निपाणी हा सीमाभाग प्रथेच्या पट्ट्यात येतो.

स्वरूप : मूल जगत नाही, दुखणे हटत नाही म्हणून नवस बोलून मुलगी ‘देवाला सोडली’ जाई. केसांत जट आली की देवीचे बोलावणे आले, असा समज होता. प्रत्यक्षात न धुतलेले, न विंचरलेले केस मळाने-घामाने चिकटतात. त्यात भंडारा (हळदीची पूड) भरला आणि कंगवा वर्ज्य ठरला की जट वाढतच जाते. मुलीच्या गळ्यात तांबड्या-पांढऱ्या मण्यांचे ‘दर्शन’ बांधले की तिचे लग्न कायमचे बंद होई. हाती परडी घेऊन जोगवा मागणे आणि वयात आल्यावर कुणाची तरी ठेवलेली म्हणून राहणे किंवा शहरातील वेश्यावस्तीत जाणे, हेच तिच्या वाट्याला येई. अशा मुली बहुतांशी गरीब दलित घरांतल्या असत. मुलगा नसलेल्या घरात सोडलेली मुलगी माहेरीच राहून आईबापांना सांभाळी. त्यामुळे नवसामागे घरचा हिशेबही असे.

कायदे : राजर्षी शाहू महाराजांनी १७ जानेवारी १९२० रोजी संस्थानात जोगत्या-मुरळ्या प्रतिबंधक कायदा केला. मुंबई इलाख्याच्या १९३४ च्या कायद्याने मुली वाहणे गुन्हा ठरवले व देवदासींचा (देवाला वाहिलेल्या स्त्रियांचा) विवाह वैध मानला. कर्नाटकाने १९८२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राचा निर्मूलन अधिनियम २००५ चा आहे.

चळवळ : १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासी परिषद भरली. बाबा आढाव, विठ्ठल बन्ने आदी कार्यकर्त्यांनी प्रश्न चव्हाट्यावर आणला. लग्न, रोजगार, निवृत्तिवेतन आणि मुलांचे शिक्षण या मागण्या पुढे आल्या. शाळेत बापाचे नाव विचारले की या मुलांची अडचण होई. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरच्यांची समजूत घालून जट कापतात. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी हे जग मराठी साहित्यात आणले; त्यांवर ‘जोगवा’ (२००९) हा चित्रपट निघाला.

मूल्यमापन : उघड विधी कायद्याच्या धाकाने मागे पडले, तरी चोरून बांधलेल्या ‘दर्शना’पर्यंत पोलीस सहसा पोहोचत नाहीत. मुलीचे भवितव्य त्याआधीच, जट दिसल्यावर घरात होणाऱ्या निर्णयाने ठरते. तिथे वेळेवर पोहोचणारी शिक्षिका, आरोग्यसेविका किंवा कार्यकर्ता मुलीला वाचवू शकतो. कायदा त्यांच्या पाठीशी उभा राहतो.