जैसे थे करार नेमका कोणी मोडला? सोलापूरच्या सीमेवरून १९४७-४८

१/ २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि हैदराबादचा निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे करार’ झाला. ते वर्ष पुरे होण्याआधीच, १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे, भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेने निघाल्या. मधल्या साडेनऊ महिन्यांत दिल्ली आणि हैदराबाद एकमेकांवर एकच आरोप करीत होते : करार तुम्ही मोडला. आजचा थ्रेड त्या वादाविषयी.

२/ रझाकार, सरदार पटेल, पोलीस ॲक्शन ही नावे आपल्याला शालेय पुस्तकांपासून परिचित आहेत. करारभंगाचे पहिले जाहीर आरोप मात्र चलन, सोने-चांदी, कर्जरोखे आणि मालाची ने-आण यांवरून झाले होते. हा व्यापारी भाग आपल्या वाचनातून बहुधा निसटतो. सोलापूरकरांच्या आजोबा-पणजोबांना मात्र तो बाजारात गेल्यावर रोज जाणवत होता.

३/ आधी नकाशा. सोलापूर जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता. पूर्वेला लगतच निजामाचा उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव. आग्नेयेला गुलबर्गा, आजचे कलबुर्गी. तुळजापूर, नळदुर्ग, परांडा ही गावे निजामाच्या राज्यात. सोलापूरहून भवानीच्या दर्शनाला निघालेला भाविक चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या वाटेत राज्याची हद्द ओलांडत असे.

४/ व्यापाराला ही हद्द अडवत नव्हती. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळच्या मुख्य मार्गापासून बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतील लातूरला पोहोचली. मराठवाड्याचा कापूस आणि गळिताची धान्ये बार्शीच्या बाजारात येत, सोलापूरच्या गिरण्यांचे कापड उलट दिशेने जाई. एकाच पेठेची दोन अंगणे दोन राज्यांत पडली होती.

५/ हद्दीवर ‘करोडगिरी’चे नाके असत. करोडगिरी म्हणजे निजामाचे सीमाशुल्क खाते. या शुल्काचे मूळ १८०२ च्या व्यापारी तहात आहे. ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यातील त्या तहाने मालाच्या किमतीवर शेकडा ५ इतकी जकात मान्य केली होती. कंपनी गेली, राणीचे राज्य आले, तरी तहाची ती चौकट पुढे जवळपास दीडशे वर्षे संबंधांच्या पायाशी राहिली.

६/ दुसरी गोष्ट चलनाची. हैदराबादचे स्वतःचे नाणे होते, ‘हाली सिक्का’. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत. ६ कलदार म्हणजे ७ हाली, असा हिशेब लातूर-उदगीरकडच्या व्यापाऱ्याला तोंडपाठ असे. दोन्ही नाणी बाजारात शेजारी शेजारी नांदत होती.

७/ १५ ऑगस्ट १९४७ ला ब्रिटिशांचे सार्वभौमत्व संपले आणि एक विचित्र पेच उभा राहिला. निजामाचे तह ब्रिटिश राजमुकुटाशी होते. तो राजमुकुटच बाजूला झाल्यावर टपाल, रेल्वे, जकात, चलन यांविषयीच्या व्यवस्था कोणाशी आणि कोणत्या आधारावर चालू ठेवायच्या? हैदराबाद भारतात सामील झाले नव्हते. १९४१ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ६३ लाख वस्तीचे हे राज्य चहूबाजूंनी भारताने वेढलेले होते आणि त्याला स्वतःचे एकही बंदर नव्हते.

८/ वाटाघाटी लांबल्या. २७ ऑक्टोबर १९४७ ला दिल्लीकडे निघालेल्या शिष्टमंडळाच्या घरांना इत्तेहादुल मुसलमीनच्या जमावाने वेढा घातला. या संघटनेचा नेता कासिम रझवी हा लातूरला वकिली केलेला गृहस्थ. प्रधानमंत्री छतारीचे नवाब यांनी राजीनामा दिला, नवे शिष्टमंडळ नेमले गेले आणि राज्याची सूत्रे मीर लायक अली यांच्या हाती आली. या वातावरणात महिनाभराने करारावर सह्या झाल्या.

९/ करार अवघ्या पाच कलमांचा होता. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण यांसह समान हिताच्या बाबींतील ज्या व्यवस्था १५ ऑगस्टपूर्वी राजमुकुट आणि निजाम यांच्यात होत्या, त्या भारत आणि निजाम यांच्यात पुढे चालतील. दोघांचे प्रतिनिधी एकमेकांच्या राजधानीत राहतील. भारताकडे जुनी अधिसत्ता येणार नाही. वाद झाल्यास प्रत्येकाचा एक लवाद आणि त्या दोघांनी निवडलेला एक पंच निर्णय देतील. मुदत एक वर्ष.

१०/ इथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. इतर संस्थानांशी झालेल्या जैसे थे करारांना परिशिष्ट होते आणि त्यात चलन, जकात, आयात-निर्यात नियंत्रण, मीठ, रेल्वे ही बाबवार यादी होती. हैदराबादच्या करारात तशी यादी नव्हती. ‘समान हिताच्या बाबी’ एवढीच मोघम शब्दयोजना, आणि त्याही योग्य असेल तेवढ्यापुरत्याच चालू राहणार. सही सुलभ व्हावी म्हणून शब्द सैल ठेवले गेले आणि त्या सैलपणातच पुढचा सारा वाद मावला.

११/ काही आठवड्यांतच हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले. पहिल्याने मौल्यवान धातू भारतात नेण्यावर निर्बंध आले. दुसऱ्याने भारतीय चलन हैदराबादेत कायदेशीर चलन राहणार नाही असे ठरले. दिल्लीने तत्काळ हरकत घेतली : आधीची स्थिती बदलणे हाच जैसे थे कराराचा भंग नव्हे काय?

१२/ याचा अर्थ पेठेच्या भाषेत पाहू. समजा, बार्शीचा एक अडत्या लातूरच्या शेतकऱ्याचा कापूस घेतो आणि कलदार मोजतो. कालपर्यंत ते पैसे कोणीही बिनदिक्कत स्वीकारत होते. वटहुकुमानंतर ते नाकारण्याचा हक्क समोरच्याला मिळाला. आता आधी हाली मिळवा, मग माल उचला. करार दिल्लीत झाला होता, पण तो मोडला की नाही याचा पहिला प्रत्यय अशा सौद्यात येणार होता.

१३/ त्यात भर पडली कर्जाची. हैदराबादने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिल्याचे उघड झाले, आणि तेही भारत सरकारच्याच कर्जरोख्यांच्या रूपात. काश्मीरमध्ये युद्ध चालू होते. पाकिस्तानचे अर्थमंत्री गुलाम मोहम्मद हे पूर्वी हैदराबादचेच अर्थमंत्री राहिलेले. दिल्लीच्या दृष्टीने हा निव्वळ आर्थिक व्यवहार नव्हता. परराष्ट्र व्यवहारात स्वतंत्रपणे टाकलेले ते पाऊल होते.

१४/ हैदराबादचे उत्तरही नीट ऐकले पाहिजे. कर्ज कराराआधीच ठरले होते, असे लायक अलींचे म्हणणे. राज्याला स्वतःचे चलन पूर्वीपासून होते, मग त्याला संरक्षण देण्यात नवे ते काय? आणि भारताला जुनी अधिसत्ता मिळणार नाही हे करारातच मान्य झाले असताना राज्याच्या अंतर्गत अर्थव्यवहारावर दिल्लीचा अंकुश कशासाठी?

१५/ लगोलग हैदराबादने प्रत्यारोप केला : करार भारतानेच मोडला, कारण त्याने आर्थिक नाकेबंदी केली. शस्त्रे तर नाहीतच, पण पेट्रोल, मीठ, औषधे, पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीन आणि यंत्रसामग्रीही अडवली जात असल्याची तक्रार होती. बंदर नसलेल्या राज्याला या वस्तू भारतातूनच येणार. रेल्वेचे डबे सीमेवर थांबले, की प्रथम झळ पोहोचणार ती सामान्य रयतेला.

१६/ दिल्लीने नाकेबंदीचा आरोप अधिकृतपणे मान्य केला नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हैदराबादविषयक श्वेतपत्रिकेत भारताने आपली सविस्तर बाजू मांडली. तरीही सीमेवरच्या प्रांतांकडून माल अडत होता, हे नाकारता येत नाही. केंद्राचा जाहीर हुकूम आणि नाक्यावरचा व्यवहार यांत अंतर होते, आणि त्या अंतराचा लाभ दिल्लीला होत होता.

१७/ सीमेवर आणखी एक संघर्ष चालू होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली सामिलीकरणाचा लढा पुकारला होता. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समिती बाहेरून सूत्रे हलवीत होती आणि सोलापूरसह हद्दीलगतच्या भागात तिचे सशस्त्र कॅम्प होते. त्यांच्या आवडत्या लक्ष्यांपैकी एक कोणते? करोडगिरीचे नाके. नाका जाळणे म्हणजे निजामाची सत्ता आणि महसूल दोन्हींवर घाव.

१८/ दुसऱ्या बाजूने रझाकारांचे हल्ले, लुटालूट आणि जाळपोळ वाढत गेली. मराठवाड्यातून कुटुंबे घरदार सोडून सोलापूर-बार्शीकडे आश्रयाला आली. मे १९४८ मध्ये गाणगापूर स्थानकावर रेल्वेगाडीवर हल्ला झाला. जुलैमध्ये सोलापूर-बार्शी वाटेवरच्या नान्नज येथे, जे गाव निजामाच्या मालकीचे होते, भारतीय सैनिकांवर हल्ला होऊन जवान मारले गेले; त्यानंतर लष्कराने ते गाव ताब्यात घेतले. आता कराराची चर्चा रुपया आणि मिठापुरती उरली नव्हती.

१९/ हा वाद हिंदू-मुसलमान असा सरळ विभागलेला नव्हता. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादमधील काही प्रतिष्ठित मुसलमान गृहस्थांनी भारतात सामील होण्याचा जाहीर सल्ला दिला. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हीच भूमिका निर्भीडपणे मांडली. २१-२२ ऑगस्टच्या रात्री त्यांचा खून झाला. जाहीर मतभेदाची किंमत तिथे प्राणांनी मोजावी लागत होती.

२०/ वाद सातासमुद्रापारही गेला. ३० जुलै १९४८ रोजी ब्रिटिश संसदेत विरोधी पक्षनेते चर्चिल यांनी हैदराबादची बाजू घेत ॲटली सरकारला जुन्या वचनांची आठवण करून दिली. २१ ऑगस्टला हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली. त्यातील एक प्रमुख मुद्दा आर्थिक नाकेबंदीचा होता. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषदेने प्रकरण हाती घेतले तेव्हा भारतीय फौजा हैदराबादच्या वाटेवर होत्या.

२१/ मग कराराच्या चौथ्या कलमातील लवादाचे काय झाले? तो कधी बसलाच नाही. हैदराबादला चलन, कर्ज आणि नाकेबंदी यांवर कायद्याचा कीस काढणे सोयीचे होते. दिल्लीच्या लेखी खरा प्रश्न रझाकार आणि सामिलीकरण हा होता, आणि तो दोन लवाद व एक पंच सोडवू शकतील असे तिला वाटत नव्हते. भांडणासाठी बांधलेले दार दोघांनीही न वापरता तसेच राहिले.

२२/ पुढचा घटनाक्रम परिचित आहे. मेजर जनरल जयंतोनाथ चौधुरी यांच्या हाताखालची मुख्य फौज सोलापूरहून निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि बोरी नदीवरचा पूल हाती आला. उमरगा, राजेश्वर, जहिराबाद असे टप्पे घेत फौज पुढे सरकली. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी रीतसर शरणागती झाली. आज १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे.

२३/ त्यानंतरचे पानही उलटलेच पाहिजे. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस राज्याचा दौरा केला. पोलीस ॲक्शनच्या काळात व नंतर झालेल्या सूडाच्या हिंसाचारात किमान २७,००० ते ४०,००० माणसे, बहुतांशी मुसलमान, मारली गेली असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक होरपळलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. त्यांतले दोन सोलापूरच्या उंबरठ्यावरचे. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही.

२४/ तर करार मोडला कोणी? मला उपलब्ध घटनाक्रम असे सांगतो : आधीची स्थिती प्रथम बदलली ती हैदराबादच्या दोन वटहुकुमांनी. नाकेबंदीने कराराच्या हेतूला धक्का दिला तो भारताच्या बाजूने, आणि तोही मान्य न करता. रझाकारांचा हिंसाचार हा या दोन्हींहून गंभीर गुन्हा होता, पण पाच कलमांत त्याचे नावही नव्हते. ज्या गोष्टीवरून खरे भांडण होते तीच करारात लिहिलेली नव्हती.

२५/ अशी उदाहरणे अलीकडेही सापडतात. युरोपीय संघातून बाहेर पडताना ब्रिटनने उत्तर आयर्लंडच्या व्यापाराविषयी करार केला. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच सरकारच्या मंत्र्याने संसदेत सांगितले, की आपले नवे विधेयक मर्यादित स्वरूपात आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करते. देशात गदारोळ उडाला, स्वपक्षाचे माजी पंतप्रधानही विरोधात बोलले आणि डिसेंबरमध्ये ती वादग्रस्त कलमे मागे घेतली गेली. तिथे दोन्ही पक्षांची संयुक्त समिती होती आणि ती बैठकीला बसत होती. १९४८ मध्ये आपल्याकडे असा मेज मांडलाच गेला नाही.

२६/ तुमचे घर सोलापूर, बार्शी, तुळजापूर, उमरगा, लातूर या पट्ट्यात असेल, तर घरातल्या थोरामोठ्यांना दोन शब्द विचारून पाहा : ‘करोडगिरी’ आणि ‘हाली सिक्का’. जुन्या वह्या, खतावण्या असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा. श्वेतपत्रिकांत सरकारांचे म्हणणे सापडते. नाक्यावर अडकलेल्या माणसाचे म्हणणे अशा वह्यांतच उरले आहे. काही हाती लागले तर या थ्रेडखाली जरूर लिहा.