झटका कुठून येतो? जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची कुळकथा (धागा)

वर्धा जिल्ह्यातील वडनेर हे हिंगणघाटच्या दक्षिणेस, नागपूर–हैदराबाद महामार्गावरील गाव. हाच रस्ता पूर्वी वाराणसी ते कन्याकुमारी असा राष्ट्रीय महामार्ग ७ होता. २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर तो श्रीनगर ते कन्याकुमारी जाणाऱ्या ४४ क्रमांकाचा भाग झाला. श्रीनगरचा उल्लेख ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

मे महिन्यातील दुपार. पारा ४५ च्या आसपास. वीस-पंचवीस वर्षांची एक ऑटोमॅटिक मोटार नागपूरहून निघाली आहे. सकाळी मऊ चालणारी ही गाडी हिंगणघाट ओलांडेपर्यंत बदलते. दुसरा गिअर पडताना पाठीत गुद्दा बसावा तसा धक्का बसतो. डी मधून आर मध्ये दांडा नेला की खालून ठोका ऐकू येतो.

अशा वेळी सर्वप्रथम कानावर पडणारा निकाल ठरलेला असतो : ‘गिअरबॉक्स गेला.’ पुष्कळदा तो चुकीचा असतो. चुकीचा का असतो, हे समजण्यासाठी त्या पेटीतील प्रत्येक भाग कोणत्या अडचणीतून जन्मला ते पाहावे लागते. एका चांगल्या गाडीचे आयुष्य आणि मालकाची मोठी रक्कम त्या उत्तरावर अवलंबून असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये एमील लेवासोर यांनी सरकत्या दातेरी चक्रांची पेटी मोटारीत रूढ केली. फिरणारी दोन चक्रे एकमेकांत घुसवायची, ती करकरणारच. दातांचा तो आक्रोश चालकांनी तीन दशके निमूटपणे ऐकला. १९२८ साली अमेरिकेत अर्ल थॉम्पसन यांची सिंक्रोमेश रचना कॅडिलॅकमध्ये आली. दाते गुंतण्याआधी दोन्ही चक्रांचा वेग जुळवून घेण्याची ही युक्ती आजच्या हातगिअरच्या गाडीतही आहे.

दुसरा धागा थेट समुद्रावरून येतो. १९०५ मध्ये हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने श्टेटिन येथील व्हल्कान जहाजबांधणी गोदीत एक प्रश्न हाताळला. वाफेचे टर्बाइन अतिवेगाने फिरते, जहाजाचा पंखा मात्र संथ हवा. मधला दुवा त्याने धातूऐवजी द्रवाचा केला. एक पंखा द्रव ढकलतो, त्या प्रवाहाने समोरचा पंखा फिरतो. दोघांचा स्पर्श कधीच होत नाही.

हे दोन धागे १९३९ च्या शरद ऋतूत एकत्र विणले गेले. त्याच थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक तयार केला आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसवला. पुढे द्रवाचा दुवा, मागे ग्रहमालेसारखी फिरणारी चक्रे, चार गती. या चक्रांचे दाते कायमच एकमेकांत गुंतलेले असतात. गिअर बदलताना दाते हलत नाहीत, तेलाच्या दाबाने क्लच आणि पट्टे आवळले अथवा सोडले जातात. एवढे कळले की ‘झटका बसला म्हणजे दात तुटले’ ही समजूत निम्मी गळून पडते.

आता श्रीनगर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एम ५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिने आणि दोन हायड्रामॅटिक गिअरबॉक्स बसवले. हे रणगाडे पुढे भारतीय सैन्याकडेही आले. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्या यांच्या योजनेनुसार ७ व्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे साडेअकरा हजार फुटांवरील झोजिला खिंडीत उतरले. रस्त्यातील कमजोर पूल आणि शत्रूची नजर, दोन्ही चुकवण्यासाठी त्यांचे बुरूज सोडवून स्वतंत्र नेले होते. इतक्या उंचीवर रणगाडे येतील ही शत्रूची अपेक्षाच नव्हती. भारतातील ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या इतिहासात शेठ-सावकारांच्या मोटारींपेक्षा या प्रसंगाला मोठे स्थान द्यायला हवे.

मग हे यंत्र आपल्या रस्त्यांवरून नाहीसे का झाले? जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी चालवली होती. स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले : सुटे भाग आणून नुसती जुळणी नको, उत्पादन येथेच हवे. १९५४ मध्ये कंपनीने शिवडीचे काम थांबवले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात टिकून राहिली, पण तिच्या फियाटचा, म्हणजे पुढच्या पद्मिनीचा, गिअर स्टिअरिंगशेजारच्या दांड्याने हातानेच टाकावा लागे. परिणामी मिस्त्रींच्या दोन पिढ्या क्लचप्लेट आणि गिअरचे दाते यांवर पारंगत झाल्या. तेलाच्या दाबावर चालणारी पेटी त्यांच्या हाताखालून गेलीच नाही. ‘गिअरबॉक्स गेला’ या घाईच्या निकालाचे एक मूळ येथे आहे, दोष त्या कारागिरांचा नव्हे.

दाबाचा हिशेब असा. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिनचा जोर वाढतो. क्लच घसरू नये म्हणून तेलाचा दाबही वाढायला हवा. हळू चालवताना मात्र तोच दाब कमी हवा, नाहीतर क्लच एकदम आवळतो आणि धक्का बसतो. म्हणजे पेटीला सतत कळावे लागते की इंजिनवर भार किती आहे.

ही बातमी पोचवण्याचे जुने साधन म्हणजे व्हॅक्यूम मॉड्युलेटर. इंजिनची हवा ओढण्याची शक्ती भारानुसार कमी-जास्त होते. एक बारीक नळी ती शक्ती पेटीवरील डबीपर्यंत नेते आणि डबीतील रबरी पडदा दाबाची झडप हलवतो. आता समजा, ती नळी उन्हाने तडकली. ओढ नाहीशी झाली, आणि पेटीला वाटले की इंजिन पूर्ण जोरात आहे. तिने दाब वाढवला. गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली, आणि क्लच मात्र डोंगर चढत असल्यासारखा आवळतो. झटका तो हाच.

येथे अभियंत्यांचे शहाणपण दिसते. बातमी तुटली तर दाब वाढावा, घटू नये, अशी ही मांडणी आहे. धक्क्याने प्रवासी चिडतो, पण क्लच वाचतो. दाब कमी पडला तर गिअर लोण्यासारखा पडतो, प्रवासी खूश होतो आणि क्लच घसरून घसरून जळतो. म्हणून ॲक्सिलरेटरची केबल सैल झाल्यावर ‘गाडी एकदम मऊ झाली’ म्हणणाऱ्याने, झटके खाणाऱ्यापेक्षा अधिक काळजी करावी. मॉड्युलेटरचा पडदाच फाटला असेल तर आणखी एक खूण मिळते : इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचे तेल ओढून घेते, मागून पांढरा धूर येतो आणि तेल कुठेही न सांडता कमी होत जाते.

आता तेलाची गोष्ट. या धाग्यातील सर्वांत काळवंडलेले प्रकरण हेच.

क्लच पूर्ण आवळण्याच्या शेवटच्या क्षणी घर्षण अचानक वाढले तर तो थरथरतो वा दचका देतो. तेथे घर्षणाला मऊ उतार देणारा घटक तेलात लागतो. १९४९ साली जनरल मोटर्सने टाइप ए ही गिअरबॉक्स-तेलाची प्रमाणसंहिता ठरवली, आणि पुढील दोन दशकांत त्या कामासाठी जो पदार्थ वापरात राहिला तो होता स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल. उष्णता सोसणारे, पातळ आणि चिवट. शहरी माणसाला गिअर बदलल्याचे कळू नये, यासाठी दूर महासागरात देवमासे मारले जात होते.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले. त्या तेलाची वाट बंद झाली. रसायनशास्त्रज्ञांना घाईने पर्याय शोधावे लागले. सुरुवातीच्या एका पर्यायी तेलाने तर तेल थंड करणाऱ्या कूलरमधील सोल्डरच झिजवायला सुरुवात केली, आणि सूत्र पुन्हा बदलावे लागले. होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांचे तेल देवमाशाच्या तेलाशी रचनेने जुळते.

फोर्डने वेगळी वाट धरली होती. त्यांच्या टाइप एफ तेलात घर्षण मऊ करणारा घटक नव्हताच. क्लच चटकन पकडावा अशीच त्यांची रचना होती. टाइप एफ तेल जनरल मोटर्सच्या पेटीत ओतले तर झटके वाढतात, उलट केले तर क्लच घसरतो. दोन्ही तेले लाल, दोन्ही तितकीच पातळ. आजही दुकानातून ‘पॉवर स्टिअरिंगवालं लाल तेल’ आणून ओतले जाते, तेव्हा हीच चूक नव्याने घडते. बाटलीचा रंग पाहू नये, गाडीच्या पुस्तिकेतील प्रमाणाचे नाव पाहावे.

महाराष्ट्रात स्वयंचलित गती खऱ्या अर्थाने घराघरांत पोचली ती मोटारीतून नव्हे, दुचाकीवरून. १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाने गिअरचा दांडाच काढून टाकला. पट्टा आणि आकसणाऱ्या-फुलणाऱ्या पुली. तिच्यातले रोलर एका बाजूने झिजले की तीही अडखळत वेग घेई. नव्वदच्या दशकात मारुतीच्या झेन व एस्टीममध्ये ऑटोमॅटिक पर्याय आला. १९९५ पासून मर्सिडीझची डब्ल्यू १२४ मालिका पुण्यात जुळू लागली. त्या मालिकेतील ऑटोमॅटिक गाड्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या शेवटच्या पिढीतल्या. त्यानंतर नळीची जागा तारांनी घेतली आणि दाब संगणक ठरवू लागला. तत्त्व मात्र तेच राहिले : तार तुटली, संवेदक रुसला, की बहुतेक पेट्या दाब कमाल करतात आणि एकाच गिअरमध्ये अडून बसतात.

२०१४ मध्ये सेलेरिओपासून लोकप्रिय झालेली एएमटी ही या वंशातली नव्हे. ती हातगिअरचीच पेटी, फक्त क्लच आणि दांडा यंत्र हलवते. तिची मान डोलावणारी लय हा बिघाड नाही, स्वभाव आहे.

पुन्हा वडनेरजवळच्या त्या गाडीकडे. सकाळी मऊ आणि दुपारी कडक, हा फरकच साक्ष देतो. द्रवाच्या दुव्यात वाया गेलेली शक्ती उष्णता बनते. ती रेडिएटरमधील कूलरने बाहेर टाकायची, आणि बाहेरची हवाच ४५ अंशांची. जुने तेल तापले की अधिक पातळ होते, झडपा त्याला नीट आवरू शकत नाहीत.

म्हणून तपास स्वस्ताकडून महागाकडे जातो. प्रथम इंजिनची आयडलिंग गती आणि इंजिनखालची रबरी माउंटिंग : डी-आरमधला ठोका पुष्कळदा एवढ्यावरच थांबतो, कारण तो गिअरबॉक्सचा नसतोच. नंतर तेलाची पातळी. बहुतेक जुन्या गाड्यांत ती तेल गरम, गाडी सपाटीवर आणि इंजिन चालू ठेवून पाहतात, जुन्या होंडांत इंजिन बंद करून लगेच. तेल लालसर असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास असेल तर क्लच जळतो आहे. दुधाळ गुलाबी असेल तर कूलर फुटून रेडिएटरचे पाणी आत शिरले आहे, आणि अशी गाडी पुढे एक मैलही रेटू नये. त्यानंतर व्हॅक्यूमची नळी, तिची कडक झालेली रबरी टोके, केबलचा ताण, तारांचे जोड.

सर्वांत शेवटी खालचे तबक उघडायचे. त्यातल्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप दिसला तर ते वयाचे लक्षण. तबक पुसायचे, नवा फिल्टर बसवायचा, पुस्तिकेतले तेल भरायचे आणि गाडी संध्याकाळच्या गारव्यात चालवून पाहायची. बोटाला टोचणारे धातूचे कण लागले, तर मात्र नागपूरला टोचण करून नेण्याची व्यवस्था पाहावी.