झाकण आणि काटा

बुधवार, २७ मे १९६४. बोरी अरब. उन्हाने ओट्यावर पाय ठरत नाही. तुम्ही कापसाच्या व्यापाऱ्याच्या बैठकीत शिरता. डोळे अंधाराला सरावायच्या आतच वास येतो, तापलेल्या व्हॉल्व्हचा आणि त्यावर जळणाऱ्या धुळीचा. कोपऱ्यात रेडिओग्राम आहे. गावात वीज आलीय असं धरून चला, नाहीतर हे धूड इथे आलंच नसतं. मूर्तिजापूर–यवतमाळच्या छोट्या लाइनीने आलं, शेवटचा पल्ला बैलगाडीने.

मालकाचा सगळा जीव झाकणाखाली. तिथे चेंजर आहे. मधल्या दांड्यावर तबकड्यांची चळत चढवायची. एक संपली की वरची आपोआप खाली पडते. पाहुण्यांना तो हेच दाखवतो. आज झाकणावरचा क्रोशाचा रुमालही हललेला नाही. बैठक भरून माणसं ओट्यावर आलीत, बायका माजघराच्या दारात उभ्या आहेत. एरवी उंबऱ्याबाहेर थांबणारेही आत आलेत, आणि त्यांना कुणी हटकत नाही. एकजण बटण फिरवतो तसा काचेमागचा काटा रेंगाळत सरकतो. हिरवा डोळा मिटत फटीएवढा होतो आणि खरखर बसते.

नेहरू गेले. तुम्हाला ठाऊकच होतं. त्यांना आत्ता कळतंय.

"रातच्याला बिनाका लागन का?" एक पोरगं विचारतं. बुधवार ना, आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला!

"चूप बस रे, बाप्पा."

आता साठ वर्षं पुढे या. तीच पेटी गोदामात, पोत्यांमागे. एका पायाला वाळवी लागलीय, डायलची दोरी तुटलीय. कौतुकाने प्लग मात्र लावू नका. कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात. त्यातला एक नेमका शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडशी जोडलेला, तो गळला की व्हॉल्व्ह लालबुंद होऊन जातो, कधी ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन. म्हणून आधी कंडेन्सर बदला, मग शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. पेटून मंदावला तर जीव आहे.

लाकडाला चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्याही त्याच लाखेच्या. टर्नटेबल फिरवणारं रबरी चाक कडक झालेलं असतं, त्याने गाण्याखाली धडधड ऐकू येते. ते नवं बसवावं लागतं.

हल्ली पुष्कळजण चेंजर झकास करतात, पॉलिश आरशासारखं करतात आणि रेडिओचं चेसिस उपटून तिथे ब्लूटूथ बसवतात. माझ्या लेखी ती शोभेची कपाटं. तबकडी मालकाच्या मर्जीची. त्या दुपारी अख्खं गाव आत आलं ते काट्यामुळे. तेव्हा आधी रेडिओ उठवा, दोरी ओवा, मीडियम वेव्हवर नागपूर शोधा. घरातले एलईडी दिवे तेवढे बंद करा, फार खरखर घालतात.