हरताळ, काजळ आणि लीळाचरित्र

‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार मराठीत सर्रास वापरला जातो. नियमांना, वचनांना, संकेतांना आपण हरताळ फासत असतो. मात्र हा शब्दप्रयोग पोथी लिहिणाऱ्याच्या बैठकीवरून भाषेत आला, याचे स्मरण फारसे उरलेले नाही. हरताळ म्हणजे पिवळे खनिज. ते डिंकात खलून चुकलेल्या अक्षरावर फासायचे आणि वाळल्यावर त्यावरच नवे अक्षर लिहायचे. मूळ प्रक्रियेत हरताळ दुरुस्तीसाठी होता. भाषेत मात्र त्याचा केवळ पुसून टाकण्याचा अर्थ शिल्लक राहिला. लेखनिकाच्या वाट्यालाही काहीसे असेच आले. त्याच्या चुका आपल्या लक्षात राहिल्या, काम राहिले नाही.

लीळाचरित्राच्या निमित्ताने याचा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते. 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे चक्रधरस्वामींच्या आठवणी संकलित केल्या आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ सिद्ध झाला, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. परंतु मूळ प्रत फार काळ टिकली नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत ती नष्ट झाली आणि हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, असे महानुभाव परंपरा सांगते. आज उपलब्ध असलेल्या प्रती त्यानंतर काही शतकांनी लिहिल्या गेल्या आहेत. म्हणजे तेराव्या शतकातील म्हणून जे गद्य आपण वाचतो, ते आपल्यापर्यंत पोहोचले आहे ते अनेक पिढ्यांच्या हातांतून.

हे हात नेमके काय करीत होते? दिव्याची काजळी धरून ती बाभळीच्या डिंकाबरोबर दीर्घकाळ घोटली की काळी शाई होई; तांबड्या अक्षरांसाठी हिंगूळ लागे. लेखणी बोरूची. तिचे टोक ज्या तिरकसपणे छाटले असेल, त्यावर अक्षराची जाडी ठरे. कागद हाती घडवलेला. महंमद तुघलकाने 1327 मध्ये दौलताबादेस राजधानी नेल्यानंतर तेथे कागदी कारागीर वसले, अशी परंपरा आहे. शेजारचे कागजीपुरा हे गाव ते नाव आजही सांभाळून आहे. जुने ताग, दोरखंड, चिंध्या चुन्यात कुजवून कुटायच्या, लगदा हौदातील पाण्यात मिसळून साच्यावर उचलायचा, ओला ताव भिंतीवर वाळवायचा, त्यावर खळ चढवायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. खळ व घोटाई नीट नसेल तर शाई फुटते आणि अक्षर पसरते.

या कलेची शिस्त समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात सांगितली आहे. अक्षर वाटोळे व सुटे असावे, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, कडेने जागा सोडावी म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही; तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचवत नाही. संतकवीने लेखनक्रियेस स्वतंत्र समास द्यावा, यातच तिची प्रतिष्ठा दिसते.

महानुभावांच्या पोथीत या कलेवर आणखी एक भार पडला. रवळोबासांच्या नावाशी जोडली जाणारी सकळ लिपी आणि तिच्यासारख्या इतर सांकेतिक लिप्या पंथात रूढ झाल्या. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर येते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी तिचा उलगडा केला, तोवर हे वाङ्मय पंथाबाहेरच्या अभ्यासकास बंद होते. आमचा तर्क असा की या बंदिस्तपणाचा एक लाभही झाला असावा. साध्या लिपीत नक्कल करताना लेखनिक शब्द वाचतो आणि नकळत आपल्या काळाचे रूप लिहून जातो. सांकेतिक अक्षरे एकेक करून उतरवताना ही मोकळीक कमी मिळते.

पुढचा टप्पा नागपूरचा. ह. ना. नेने यांनी 1936 पासून लीळाचरित्राचे भाग नागपुरातून छापून प्रसिद्ध केले. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्यांच्या आधारे सिद्ध केलेली संहिता 1978 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केली. योगायोग असा की नेने हा ग्रंथ छापखान्यात नेत होते, त्याच सुमारास जवळच्या वर्ध्यात, 1934 साली स्थापन झालेला अखिल भारत ग्रामोद्योग संघ मगनवाडीत हातकागदाच्या उद्योगास पुन्हा जीव देऊ पाहत होता. पोथी कागदावरून छापील पानावर जात असताना कागद करणारा हात स्वतःचे भवितव्य शोधत होता.

छापील संहितेने आपल्यावर मोठे उपकार केले, यात शंका नाही. पण तिच्यात लेखनिक उरतो तो तळटीपेतील पाठभेद म्हणून. पोथीच्या अखेरीस तो आपली तक्रार नोंदवीत असे: पाठ, कंबर, मान मोडून लिहिले आहे, तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा. ही पुष्पिका वाचली म्हणजे पाठभेदामागे एक शरीर होते, हे उमगते.

2024 मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूरचे नाव पुन्हा चर्चेत आले. प्राचीनतेचा अभिमान बाळगताना तिचा पुरावा कशावर उभा आहे, हेही पाहिले पाहिजे. पोथ्यांची छायाचित्रे निघत आहेत, ते आवश्यकच आहे. तथापि हरताळाच्या थराखाली आधी कोणते अक्षर होते, शाई कोठे बदलली, दुसऱ्या हाताने लेखन कोठून पुढे नेले, हे ठरवताना अखेर मूळ पानाकडेच जावे लागते. छायाचित्र झाले म्हणून पोथी वाळवीच्या स्वाधीन केली, तर भावी संपादकाचा साक्षीदारच नाहीसा होईल. लीळाचरित्र शिकवणाऱ्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांस एकदा तरी पोथीच्या पानासमोर बसवावे आणि अर्थापूर्वी अक्षर वाचू द्यावे, इतकीच आमची विनंती आहे.